आवळवाडीच्या चिमायने चूल विझवली, त्याची गोष्ट

फार वर्षांपूर्वी, म्हणजे इतकी फार की आवळवाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारलं तरी तो हात मागे टाकतो आणि "तिकडं, लई मागं" एवढंच म्हणतो, तेव्हा त्या वाडीत एक बाई राहायची. नाव चिमा. सगळे तिला चिमाय म्हणायचे. आणि ती काय करायची माहितीये? चुली घालायची. बास, एवढंच! पण अशा घालायची की दोन घाट उतरून लोक तिला बोलवायला यायचे.

तिच्या हातची चूल कधी धुरायची नाही. तीन काटक्या सरकवा, भाताचं पातेलं खदखदणार. भर पावसातलं ओलं जळणसुद्धा तिच्या चुलीत गेलं की गुपचूप पेट घ्यायचं, असं म्हणतात. चूल घालून झाली की ती वाकायची, चुलीच्या तोंडाला कान लावायची आणि ऐकत बसायची. बायका हसायच्या. "काय म्हणते गं चूल?" विचारायच्या.

"म्हणते, सासूला सांग, उंबऱ्यात बसू नको. वारा अडतोय माझा."

सासू गप्प, सुना खूश! अशी होती चिमाय. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, वाडीच्या टोकाला एक गवती छपराचं खोपट आणि तोंडाला अजिबात लगाम नाही.

आता ही आवळवाडी कुठे, तर सह्याद्रीच्या अगदी खांद्यावर. आपली शहरातली थंडी म्हणजे काय, स्वेटर काढला, दोन दिवस मिरवला, परत कपाटात. तिथलं प्रकरण वेगळंच आहे. पौषात पहाटे गवतावरचं दव पांढरं, कडक होतं, आणि त्यावरून चाललं की पायाखाली कुरकुर वाजतं. रांजणातल्या पाण्यावर पापुद्रा धरतो. वाडीतले लोक म्हणायचे, ही थंडी म्हणजे नुसती थंडी नाही, बाई आहे ती. हिवबाई! पांढरं लुगडं, ओले केस. दिसेल त्या फटीतून आत शिरते आणि वासरांच्या छातीवर बसते.

मग हिवबाईला अडवायचं कसं? त्याचा मोठा कार्यक्रमच असायचा. चंपाषष्ठी झाली की दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी गोठे लिंपायला घ्यायची. गोठ्यांच्या भिंती कारवीच्या काटक्यांच्या, त्यावर शेणमातीचा लेप. बाप्ये माती आणायचे, बाया शेण कालवायच्या, आणि खालपासून वरपर्यंत, अगदी आढ्यापर्यंत, एकूण एक फट बुजवायची. मुंगी शिरणार नाही असं. दाराला घोंगडं टांगायचं. आत कोपऱ्यात शेणी पेटवून धुमी करायची, ऊब राहावी म्हणून. आणि हे जे बुजवलं ते संक्रांतीपर्यंत फोडायचं नाही. फोडलं तर हिवबाई तिथून शिरणार आणि सगळ्या वाडीत फिरणार, अशी पक्की समजूत.

आणि दरवर्षी वासरं मरायची.

मोठी गुरं तगायची, कारण ती दिवसभर रानात चरायला जायची. वासरं मात्र दिवसरात्र आतच. आधी नाक गळायचं, मग खोकला, मग मान टाकायची. कधी चार, कधी सात. मग लोक काय म्हणायचे? "कुठंतरी एखादी फट राहिली आसंल." आणि पुढच्या वर्षी लेप आणखी जाड! खरंच सांगतो, पिढ्यानपिढ्या हेच. वाईट हेतू कुणाचाच नव्हता हो. सगळे जीव तोडून करत होते. जितकी माया जास्त तितका लेप जाड, असं सगळं चाललं होतं.

तर एका वर्षी काय झालं, वाडीत बुधाजी म्हणून एक मोठा मानकरी होता, त्याच्या सुनेनं चिमायला बोलावलं. सुनेचं नाव सगुणा. लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. माहेर चार डोंगर पलीकडं, आईबाप दोघंही साथीत गेलेले. माहेरचं म्हणून तिच्याकडे एकच गोष्ट उरली होती. आंदणात मिळालेली गाय. तीही कार्तिकात कड्यावरून घसरून गेली, आणि मागं राहिली तिची तान्ही कालवड, आता दोन महिन्यांची. काळ्या अंगावर पांढरे शिंतोडे, जणू कुणी ताक घुसळताना उडवलंय. सगुणेनं तिचं नाव शेवंती ठेवलं होतं. शेळीच्या दुधावर वाढवत होती तिला.

चिमाय सगुणेच्या स्वयंपाकघरात बसून चुलीची माती मळत होती. एवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. घर्र... खॉक्. घर्र... खॉक्.

चिमायचे हात थांबले. "ही चूल कुन्या गाढवानं घातली गं? पार कोंडलीय."

सगुणेचे डोळे भरून आले. "चूल न्हाय चिमाय. शेवंती हाये ती माजी."

चिमाय तशीच उठली. चिखलाचे हात घेऊन गोठ्यात गेली. घोंगडं बाजूला केलं आणि आतून असा भपकारा आला की तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. धूर, मुताचा वास, आणि ओल! भिंतींवरून अक्षरशः थेंब ओघळत होते. खाली चिखल. त्या चिखलात शेवंती पडलेली, नाक भरलेलं, कान गार, बरगड्या भात्यासारख्या वरखाली. चिमाय त्या चिखलात बसली, वाकली, आणि चुलीला लावायची तसा कान लावला तिच्या छातीला. बराच वेळ ऐकत राहिली.

तोवर बुधाजी दारात. "काय गं म्हातारे, आता वासरांच्या बी चुली घालती का?"

"बुधाजी, वर आढ्याखाली भोक पाड. आत्ताच्या आत्ता."

"याड लागलं का? हिवबाई आत शिरल!"

"आरं, ती शिरलीच हाये कवाची! तुमच्या लिंपनानं काय ती आडती व्हय? आता तिला भाईर जायला वाट न्हाय, म्हनून ती बसलीय हिच्या छातीत. चुलीला मागनं वैलाची वाट नसली तर धूर जातो कुटं? बाईच्या डोळ्यात. तसंच हे."

बघा ना, काय बोलली! थंडीला बाहेर जायची वाट! वाडीत कुणी कधी असा विचारच केला नव्हता. सगळ्यांचं लक्ष ती आत कुठून येते याच्यावर.

पण बुधाजी काही ऐकेना. उलट चिडला. आरडाओरडा ऐकून वाडी गोळा झाली, दुपारचं ऊन होतं, सगळे रिकामेच. बुधाजीनं हात वर करून सांगितलं, "माझ्या गोठ्याला भोक पडनार न्हाय. आन हिनं पाडलं आन वाडीत हिवबाई फिरली, तर सगळ्यांची वासरं जात्याल."

"तुझ्या गोठ्याला नको," चिमाय म्हणाली. "माझ्या घराला पाडते. कालवड दे नऊ दिस."

"आन मेली तर?"

"मेली तर वाडी सोडते."

 त्या काळात एकट्या म्हातारीनं ऐन थंडीत वाडी सोडायची म्हणजे काय, सांगायला नकोच. बुधाजीनं सुनेकडे पाहिलं. सगुणा पदर तोंडात धरून उभी. "मामंजी," ती हळूच म्हणाली, "हितं बी ती जातेच हाये. तिकडं तरी बघू द्या." सासऱ्यासमोर ती पहिल्यांदाच बोलली होती, असं म्हणतात.

चिमायनं शेवंतीला उचललं, मानेवर टाकलं, पुढचे पाय डाव्या हातात, मागचे उजव्या. दोन महिन्यांचं वासरू म्हणजे काय कमी वजन नाही. पण वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत म्हातारी कुठे टेकली नाही. तिच्या अंगावर ते शेवंतीच्या फुलाइतकं हलकं झालं, असं म्हणतात.

घरी गेल्यावर तिनं पहार घेतली आणि आढ्याच्या खाली, दोन्ही बाजूंना, वीतभर रुंद भोकं पाडली. खाली मात्र वासराच्या पाठीच्या उंचीपर्यंत लेप तसाच ठेवला, म्हणजे झोत थेट अंगावर यायला नको. मग वर्षानुवर्षं साठवलेली चुलीची राख आणून जमिनीवर चांगली जाड पसरली, ओल शोषायला. त्यावर भाताचा पेंढा, गुडघाभर! शेवंती त्यात बसली की फक्त कान आणि नाक दिसायचं. मग स्वतःची गोधडी. एकच होती तिच्याकडे. ती तिनं वासराच्या अंगावर टाकली आणि पोटाखालून, गळ्यातून सुंभानं बांधली.

आणि मग ती चुलीसमोर जाऊन बसली.

तिची ती चूल. लग्न करून आली त्या दिवशी स्वतः घातलेली, एकदाही न विझलेली. सकाळी निखारे राखेत झाकायचे, संध्याकाळी फुंकून उघडायचे, असं चाळीस वर्षं. पण खोपट एवढंसं. तिथं जाळ म्हणजे धूर, आणि धूर म्हणजे तो खोकला. चिमायनं तांब्याभर पाणी घेतलं आणि ओतलं चुलीत. फस्स झालं. सगळ्या डोंगरपट्ट्यात चुली पेटवणाऱ्या बाईनं ऐन पौषात स्वतःची चूल विझवली.

त्या दिवसापासून सगुणा दोन वेळा यायची. शेळीचं धारोष्ण दूध आणायची, कोमट पाणी आणायची, आणि पदराखाली झाकून नागलीची एक भाकर. चिमाय शेवंतीच्या तोंडात बोट घालायची आणि बोटावरून दूध सोडायची, थोडं थोडं, घाई अजिबात नाही. पेंढा ओला झाला की लगेच काढून नवा. दिवसातून सहा-सात वेळा! नाक पुसायचं, पाय चोळायचे, ऊन आलं की दारातल्या कवडशात ओढून आणायचं. आणि सतत बडबड. "ऊठ गं भवाने. तुझ्यापायी मी गार भाकर खातीय. तुझ्या आईनं तरी खाल्ली व्हती का?"

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी शेवंतीनं दूध पिणंच सोडलं.

दुपारी चिमाय पेंढ्याचे भारे आणायला खळ्यावर गेली होती. सगुणा आली, बघते तर कालवड थरथरतेय. गोधडी अंगावर असूनही. वरून त्या भोकांतून गार वारा येतोय, घरात जाळ नाही, आणि तिच्या आईचं शेवटचं काहीतरी तिथं पेंढ्यात डोळे मिटून पडलेलं. तिच्याच्यानं बघवेना. आपणही तेच केलं असतं ना? तिनं शिडी लावली, वर चढली, आणि डोईचा पदर फाडून दोन्ही भोकं गच्च बुजवली. मग घरी पळाली, विस्तव आणला, आणि चिमायच्या चुलीत शेणी रचून पेटवली. जरा वेळात घर ऊबदार झालं. शेवंतीची थरथर थांबलीसुद्धा. सगुणेला इतकं बरं वाटलं! आणि मग ते सुरू झालं. घर्र... खॉक्. घर्र... खॉक्. आधीपेक्षा वाईट. शेवंतीनं मान लांब केली, जीभ बाहेर काढली. सगुणा घाबरली आणि तिनं काय करावं? आणखी एक शेणी टाकली.

दारात चिमाय. डोक्यावरचा भारा तिनं तिथंच टाकला, आत आली, तरातरा शिडीवर चढली आणि बोळे उपसून काढले. पेटती शेणी हातानं उचलून बाहेर फेकली. हातानं! मग शेवंतीची मान मांडीवर घेतली.

सगुणा कोपऱ्यात रडतेय. "चिमाय, म्या मारली तिला. माज्या हातानं मारली."

आता एवढी तोंडाळ बाई, वाटेल की ती हिला धुऊन काढेल. पण नाही. "हिकडं ये," ती म्हणाली. "कान लाव हितं. बरगडीला. रडू नको, रडलीस तर ऐकू येत न्हाय."

सगुणेनं कान लावला. आत नुसता कल्लोळ, ओल्या लाकडाच्या चुलीसारखा. तशाच दोघी बसून राहिल्या. वरच्या भोकांतून धूर हळूहळू निघून गेला, गार, कोरडी हवा आत आली. आणि सगुणेला ऐकू आलं. घर्र कमी झाली. मग आणखी कमी. मग एक लांब श्वास, सरळ, अडथळा नसलेला.

"वाट मिळाली," सगुणा म्हणाली.

"मिळाली ना? मग आता तू बी ऱ्हा हितंच. ऊब पायजे तिला, धूर नको. एका अंगानं तू, एका अंगानं मी."

मग दोघी शेवंतीच्या दोन बाजूंना टेकून बसल्या, मध्ये ती. सासरी काय म्हणतील याचं टेन्शन सगुणेनं त्या दिवशी सोडूनच दिलं. बुधाजी दाराशी येऊन दोनदा खाकरून गेला म्हणे. तिसऱ्यांदा आला तेव्हा स्वतःच्या अंगावरचं घोंगडं उंबऱ्यात ठेवून गेला.

आणि आठव्या पहाटे हिवबाई आली, असं म्हणतात.

सगुणा नंतर सांगायची, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. उजाडत होतं. आढ्याखालच्या एका भोकातून पांढरी बाई सावकाश आत उतरली. केस ओले, पाय अनवाणी, पायांना भेगा. चिमाय तिला बघून जराही दचकली नाही. उलट पेंढा थोपटून म्हणाली, "ये बाय, टेक. शेक द्यायला आज चूल न्हाय माझी."

हिवबाई टेकली. म्हणाली, "माज्यासाठी कुनी कवा जागा दिली न्हाय. समदे कोंडून घेत्यात. मी आत ऱ्हाते, भाईर जाया मिळत न्हाय. मंग मी वासराच्या उबेला बसते. ते का मरतं, मला बी कळत न्हाय."

"आता कळलं ना? मग जा तिकडच्या वाटंनं. जाताना हिचा खोकला घेऊन जा."

हिवबाईनं शेवंतीच्या नाकाजवळ तोंड नेलं. शेवंतीनं एक मोठा श्वास सोडला, त्याची पांढरी वाफ झाली, ती वाफ हिवबाईनं ओंजळीत धरली आणि समोरच्या भोकातून निघून गेली. बाहेर सगळ्या माळावर दव पडलं. आता हे खरं की सगुणेचा डोळा लागला होता, ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर मी सगुणेच्या बाजूनं आहे.

नवव्या दिवशी सकाळी वाडी जमली. चिमायचं गाठोडं कुणी उचलायचं याचीही कुजबुज सुरू होती. घोंगडं बाजूला झालं आणि आतून कोण आलं? शेवंती! अंगात गोधडी, गळ्यात सुंभाची गाठ, कानात पेंढ्याच्या काड्या. पाय लटपटत होते, पण उभी होती. तिनं सगळ्यांकडे पाहिलं, शेपटी वर केली, आणि थेट जाऊन बुधाजीच्या पोटात डोकं हाणलं! एवढा मोठा मानकरी मातीत बसला. कुणाला हसावं कळेना. शेवटी तोच हसला.

"चिमाय," त्यानं मातीतूनच आत हाक दिली, "तुझी पहार दे."

दाराशी टेकवलेली पहार घेऊन तो घरी गेला आणि संक्रांत यायच्या आधीच, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या गोठ्याला आढ्याखाली दोन भोकं पाडली. दुपारपर्यंत वाडीत सगळीकडून ठक ठक ठक आवाज. त्या हिवाळ्यात नंतर एकही वासरू गेलं नाही.

पण सकाळी चिमाय काही बाहेर आलीच नव्हती. सगुणा आत गेली तर ती विझलेल्या चुलीपुढं बसलेली, ओठ निळे, हाताला भाजल्याचे फोड. नऊ दिवस तिच्या अंगात थंडी मुरली होती. सगुणा तशीच घरी गेली आणि फुटक्या खापरात विस्तव घेऊन आली. तिच्यामागून दुसरी आली. मग तिसरी. ज्या ज्या घरात चिमायच्या हातची चूल होती, म्हणजे जवळपास प्रत्येक घरातून, बाया खापरं घेऊन निघाल्या. सकाळच्या उन्हात सगळ्या वाटेवर निखारेच निखारे. चिमायची चूल त्या दिवशी इतकी पेटली की तिची धग पलीकडच्या डोंगरावर लागली, असं म्हणतात.

त्यानंतर चिमाय बरीच वर्षं जगली. किती ते कुणी मोजलं नाही. एका पौषात सकाळी ती घरात नव्हती, आणि दवावर दोन बायकांच्या पावलांच्या खुणा शेजारी शेजारी डोंगराकडे गेलेल्या होत्या. हिवबाई मैत्रिणीला न्यायला आली, असं म्हणतात.

आज आवळवाडीत गेलात तर तुम्हाला बरेच गोठे विटांचे, पत्र्याचे दिसतील. जनावरांचे डॉक्टर येतात, वासरांना इंजेक्शनं देतात, सगळं होतं. पण थंडीत ज्या घरी वासरू आजारी पडतं, त्या घरी चूल पेटत नाही. गॅससुद्धा नाही हां! त्या घरच्या माणसांना वासरू उभं राहीपर्यंत वाडी जेवू घालते, आळीपाळीनं, आणि भाकर गारच देतात. वासराला घरातली सगळ्यात चांगली गोधडी मिळते. जुनी नाही चालत. आणि ते आपल्या पायांवर उभं राहिलं की शेजारीण खापरात विस्तव घेऊन दाराशी येते आणि हाक मारते, "चिमाय, विस्तव आनलाय."

घरात कुणीही असो. नवी नवरी असो, मिशीवाला बाप्या असो, शाळेतून आलेलं पोर असो. जो वासराजवळ बसला असेल, त्यानंच आतून ओ द्यायची असते.